कोइनोबोरी: वाऱ्यावर पोहणारा कागदी मासा

जपानमध्ये ५ मे हा बालदिन. १९४८ पासून त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. त्या सुमारास घरांवर, नदीकाठी कापडी मासे फडफडतात, तेच कोइनोबोरी. कोइ म्हणजे कार्प मासा. धबधबा चढून गेलेला कार्प ड्रॅगन होतो, अशी मूळची चिनी कथा आहे. आपली मुलंही तशीच धीट व्हावीत, ही आईबापांची इच्छा. मुलांकडून असाच कागदी मासा करून घेणार असाल, तर कागद हातात देण्याआधी ही गोष्ट सांगाच, नाहीतर उरतो नुसता रंगीत मासा.

ए-फोर कागदावर मुलांना खवले रंगवू द्या. चार-पाच वर्षांच्या मुलांना बोटांचे ठसे सोपे जातात. मग कागदाची लांब नळी चिकटवा, शेपटीला पतंगी कागदाच्या पट्ट्या लावा. दोन्ही टोकं उघडी हवीत. वारा आरपार गेला तरच मासा पोहतो. तोंडाला आतून पुठ्ठ्याची पट्टी लावली की दोऱ्याने कागद फाटत नाही.

काठीवर सगळ्यात वर मोठा काळा मासा बाबांचा, त्याखाली लाल आईचा, मग मुलांचे लहान निळे-हिरवे. कुणाला आजीचाही मासा लावायचा असेल, तर जरूर लावू द्या.