एका कॉलमध्ये चाळीस बटणं बदलायची तर टूलचं डिस्क्रिप्शन कसं लिहायचं

एजंटला, म्हणजे आपण दिलेली टूल (कोडमधली फंक्शन) वापरून काम करणाऱ्या एआय मॉडेलला, स्क्रीनवरचे बदल एकेक करून करायला लावले तर फार वेळ जातो, प्रत्येक कॉलनंतर (टूल एकदा वापरणं म्हणजे एक कॉल) मॉडेल पुन्हा सगळं वाचतं, टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) उगाच खर्च होतात, म्हणून आपण बॅच टूल देतो, एकाच कॉलमध्ये बदलांची अख्खी यादी. इथपर्यंत ठीक. पण त्या टूलच्या डिस्क्रिप्शनमध्ये बरेच जण एकच ओळ लिहितात, "स्क्रीनवरचे घटक अपडेट करतं", आणि मग गडबड झाली की मॉडेलला नावं ठेवतात. अहो, मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं एमसीपी (मॉडेलला टूल जोडायची ठरलेली पद्धत) वापरा नाहीतर मॉडेलचा थेट एपीआय, मॉडेलपर्यंत पोचतं ते टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि इनपुटची स्कीमा, म्हणजे काय काय आणि कुठल्या प्रकारचं पाठवायचं त्याचा आराखडा.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. एका अ‍ॅपच्या सेटिंग स्क्रीनवरची चाळीसेक बटणं मराठीत करायची होती. एजंटने यादी अगदी नीट पाठवली, प्रत्येक बदलात बटणाचा आयडी आणि नवीन लेबल. लेबलं मराठी झाली पण सगळ्या बटणांचे आयकॉन आणि रंग गेले, कारण टूल आतून अख्खा घटकच नव्याने लिहीत होतं आणि जे फील्ड (लेबल, रंग, आयकॉन असा एकेक गुणधर्म) आलं नाही ते रिकामं करत होतं. एजंटची यात काडीचीही चूक नव्हती, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आधी टूल सुधारा आणि मग पहिलं हे लिहा: न पाठवलेल्या फील्डचं काय होतं, आणि एखादं फील्ड मुद्दाम पुसायचं असेल तर काय पाठवायचं (उदाहरणार्थ नल, म्हणजे 'इथे व्हॅल्यू नाही'). गुगल स्लाइड्सच्या बॅच अपडेटमध्ये यासाठी बदलायच्या फील्डची नावं वेगळी द्यावी लागतात, नाव दिलं पण व्हॅल्यू दिली नाही तर ते फील्ड डिफॉल्टवर जातं. तुमची पद्धत वेगळी असली तरी चालेल, पण लिहा.

दुसरं, अर्ध्यात फसलं तर? यादीतला तेविसावा बदल चुकीचा निघाला तर आधीचे बावीस राहतात की मागे घेतले जातात? गुगल डॉक्स, शीट्स, स्लाइड्समध्ये एक जरी रिक्वेस्ट चुकीची असली तरी त्या कॉलमधलं काहीच लागू होत नाही. तुमचं टूल तसं नसेल आणि तुम्ही ते सांगितलं नसेल तर एजंट अख्खी यादी परत पाठवणार, आणि त्यात नवीन घटक टाकायचे असतील तर स्क्रीनवर बावीस घटक डबल दिसणार. एररमध्येही नुसतं "अपडेट फेल" नको, कितवा बदल, कुठला आयडी, नक्की काय चुकलं हे द्या, आणि मोजणी शून्यापासून की एकपासून तेही.

तिसरं मराठीवाल्यांच्या खास कामाचं. "लेबल जास्तीत जास्त २० अक्षरं" असं लिहिलं तर अक्षर म्हणजे काय? "स्त्री" आपल्याला एकच जोडाक्षर दिसतं पण युनिकोडमध्ये ते सहा कोड पॉइंट आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. तुमचा कोड कसा मोजतो ते लिहा आणि असंच एखादं उदाहरण द्या. टेक्स्टमधल्या जागा आकड्यांनी सांगायच्या असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण गुगल डॉक्समध्ये मधे काही घातलं की पुढचे सगळे इंडेक्स सरकतात, म्हणूनच तिथे बदल शेवटाकडून सुरुवातीकडे पाठवायला सांगतात. तुमच्याकडेही क्रमाला महत्त्व असेल तर सरळ सांगा.

आमचं सुधारलेलं डिस्क्रिप्शन साधारण असं आहे, मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते:

"एकाच स्क्रीनवर आधीपासून असलेले घटक एकत्र बदलतं. नवीन घटक बनवत नाही, डिलीटही करत नाही. आयडी 'स्क्रीन_वाच' मधूनच घे, अंदाजाने बनवू नकोस. एका कॉलमध्ये जास्तीत जास्त ५० बदल. न पाठवलेलं फील्ड आहे तसं राहतं, नल पाठवलं तर पुसलं जातं. एकही बदल चुकीचा असेल तर काहीच लागू होत नाही, एररमध्ये चुकीच्या बदलाचा क्रमांक येतो, मोजणी ० पासून. तेवढाच दुरुस्त करून पूर्ण यादी परत पाठव."

लांब वाटतं ना? वाटू दे. चार वेळा चुकीचा कॉल जाण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. आणि एमसीपीत टूलला डिस्ट्रक्टिव्ह (काही पुसू शकतं), रीड-ओन्ली (फक्त वाचतं) असे हिंट लावता येतात ते जरूर लावा, पण ते हिंटच आहेत, क्लायंट, म्हणजे एजंट चालवणारं अ‍ॅप, ते मॉडेलला दाखवेलच असं नाही, म्हणून धोका शब्दांतही लिहा.

तपासायला एक सोपी गोष्ट करा. ज्याने कोड बघितलेला नाही अशा सहकाऱ्याला फक्त डिस्क्रिप्शन आणि स्कीमा द्या, तीन बटणांचे बदल हाताने जेसनमध्ये (टूलला इनपुट ज्या फॉरमॅटमध्ये जातं त्यात) लिहायला सांगा, आणि तो काय काय विचारतो ते टिपून घ्या, मधे बोलू नका. आमच्या मैत्रिणीने पहिलंच विचारलं, "बटण लपवायचं असेल तर दिसणं बंद करू की नल पाठवू?" याचं उत्तर आमच्या डिस्क्रिप्शनमध्ये कुठेच नव्हतं, त्याच दुपारी ती ओळ टाकली.