जुन्या लॅपटॉपवर लिनक्स सुरू व्हायला एवढा वेळ का लागतो

कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप लुबंटूवर, एलएक्सक्यूटीवाल्या डेबियनवर किंवा मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीवर (ही सगळी लिनक्सची हलकी रूपं) आजही चांगला चालतो. पण बटण दाबल्यावर डेस्कटॉप हाताशी यायला दोन-तीन मिनिटं लागली की तो भंगारात जातो. त्या वेळात प्रोसेसर पुष्कळदा रिकामाच बसलेला असतो. कधी तो पुसून टाकलेल्या स्वॅप पार्टिशनची (रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कच्या भागाची) वाट पाहतो, कधी अजून न जोडलेल्या वायफायची, कधी डिस्कच्या सुईची. म्हणून आधी तो कशासाठी थांबलाय ते शोधा, मगच काहीतरी बंद करायला घ्या.

खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तीन टप्पे मोजा: बटणापासून ग्रबपर्यंत (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या मेनूपर्यंत), ग्रबपासून लॉगिनपर्यंत, आणि पासवर्ड टाकल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत. मग ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ’ चालवा. सिस्टमडी म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्या सेवा, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, चालू करणारा प्रोग्राम. जुन्या बायॉसच्या मशीनवर ही कमांड कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्यापुढचाच वेळ दाखवते. बायॉस आणि ग्रबमध्ये गेलेली सेकंदं तिला दिसत नाहीत, म्हणून स्टॉपवॉच लागतं. ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ प्रत्येक सेवेला किती वेळ लागला याची यादी देते. ती पाहून फसू नका, कारण सेवा एकाच वेळी चालतात आणि २० सेकंद घेणारी सेवा तुम्हाला अडवत असेलच असं नाही. खरी अडवणूक ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन’मध्ये दिसते. तिथे लाल रंगात अधिकचं चिन्ह आणि मोठा आकडा असलेली ओळ पकडा. (प्लिमथ-क्विट-वेट हे नाव यादीत वर दिसलं तर सोडून द्या. ती सेवा फक्त बाकीच्यांसाठी थांबलेली असते.) अँटीएक्समध्ये सिस्टमडी नाही, त्यामुळे तिथे या कमांड चालणार नाहीत.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे बरोबर ९० सेकंदांचा थांबा. पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’ अशी ओळ येते आणि पुढे सेकंद मोजले जातात. जवळजवळ नेहमी कारण एकच असतं: सुरुवातीला कोणती पार्टिशनं जोडायची ते सांगणाऱ्या, ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅब फाइलमध्ये अशा पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहिलेला असतो जे आता अस्तित्वातच नाही. दुसरं लिनक्स टाकताना स्वॅप पुन्हा फॉरमॅट झाला की त्याचा यूयूआयडी बदलतो आणि जुन्या सिस्टिमला ते कळत नाही. ‘सुडो बीएलकेआयडी’ने खरे क्रमांक पाहा आणि फाइलशी ताडून घ्या. चुकीच्या ओळीच्या सुरुवातीला हॅश चिन्ह टाका किंवा क्रमांक दुरुस्त करा. कधी जोडलेली, कधी नसलेली बाहेरची डिस्क असेल तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घाला.

याचंच धाकटं भावंड म्हणजे ‘गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस’ हा संदेश. तो जुना यूयूआयडी ईटीसीतल्या इनिटरॅमएफएस-टूल्स, त्यातल्या कॉन्फ.डी फोल्डरातल्या रिझ्यूम फाइलमध्ये दडलेला असतो. हायबरनेट वापरत नसाल तर तिथे कॅपिटलमध्ये रिझ्यूम, बरोबरचं चिन्ह आणि लहान अक्षरांत ‘नन’ (‘काहीच नाही’ या अर्थाचा इंग्रजी शब्द) एवढंच ठेवा. मग ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा. ही शेवटची कमांड विसरली तर बदल लागूच होत नाही.

नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबणारी नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन ही सेवा क्रिटिकल-चेनमध्ये दिसली तर ‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन.सर्व्हिस’ द्या. यातलं नेटवर्कचं एन आणि मॅनेजरचं एम कॅपिटल. वायफाय पूर्वीसारखंच जोडलं जातं, फक्त लॉगिन त्याच्यासाठी अडत नाही. एनएफएससारखा नेटवर्कवरचा फोल्डर सुरुवातीलाच जोडला जात असेल तर मात्र ही सेवा राहू द्या. सिमवाला डोंगल वापरत नसाल तर मोडेममॅनेजरही बंद करता येईल. सुरक्षेचे अपडेट बंद करू नका.

ग्रबचा थांबा ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाइलमध्ये असतो. डेबियनमध्ये तो ५ सेकंदांचा असतो, तो १ करा. शून्य केलात तर अडचणीच्या वेळी जुना कर्नल निवडायचा मेनू हातून निसटतो. उबंटूच्या कुळात आणखी एक खोच आहे. सुरू होत असतानाच वीज गेली तर पुढच्या खेपेला मेनू ३० सेकंद थांबतो. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर हे वरचेवर होतं. त्याच फाइलमध्ये ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=३’ ही ओळ घाला, सगळी अक्षरं कॅपिटल. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’.

ग्रबच्याही आधी वेळ जात असेल तर बायॉसमध्ये शिरा. हार्ड डिस्क पहिल्या क्रमांकावर आणा आणि नेटवर्क बूट बंद करा. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल संपला की काही मशीन एफ१ दाबेपर्यंत पुढे सरकत नाहीत आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर सुरक्षित साइटही उघडत नाही.

लुबंटूत फायरफॉक्स स्नॅपमधून, म्हणजे लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या पॅकेजमधून येतो. हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडणं फार जड जातं. स्नॅप चालवणारा स्नॅपडी काढायचा असेल तर दुसरा ब्राउझर आधी टाकून घ्या, कारण फायरफॉक्सही सोबत जातो.

एवढं करूनही मशीन रेंगाळत असेल तर ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ पुढे डिस्कचं नाव देऊन तब्येत पाहा. त्यासाठी स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज लागतं. ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोरचा शेवटचा आकडा शून्याहून जास्त असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी बॅकअप घ्या. डिस्क तेच खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत असते.

डिस्क ठणठणीत असली तरी ५४०० फेऱ्यांच्या डिस्कचा एक फेरा ११ मिलिसेकंदांचा असतो. सुई सरकायला लागणारा वेळ धरला तर विखुरलेल्या लहान फाइली सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत, आणि सुरू होताना अशा हजारो फाइली लागतात. म्हणून शेवटचा आणि सर्वात मोठा फरक १२० किंवा २४० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) पाडते. जुना ३ गिगाबिटचा साटा पोर्टही यासाठी भरपूर आहे. बायॉसमध्ये साटासाठी एएचसीआय ही पद्धत निवडा. अगदी जुन्या लॅपटॉपमध्ये पिनांचा आयडीई पोर्ट असतो, तिथे ही बसणार नाही, त्यामुळे विकत घेण्याआधी डिस्क काढून पाहा. एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची आणि जुना खण बहुधा ९.५ चा असतो. डिस्क हलत असेल तर सोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट लावा.

शक्यतो नव्याने इन्स्टॉल करा. जुनी सिस्टिम कॉपी करून आणलीत आणि स्वॅप नवा बनवलात तर एफएसटॅब आणि रिझ्यूम या दोन्ही फाइली लगेच तपासा, नाहीतर कोऱ्या एसएसडीवरही तेच ९० सेकंद मोजत बसावं लागेल.