इम्प्लांट वर्षानुवर्षं टिकवायचं तर आधी हाड सांभाळा

इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ. त्याचा टायटॅनियमचा स्क्रू किडत नाही. भोवतीचं हाड मात्र झिजू शकतं, आणि बहुतेक वेळा ते दुखत नसल्यामुळे बरंच गेल्यावरच कळतं. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात बसवलेली इम्प्लांट्स लार्सन २००६ साली वारले तोपर्यंत कामात होती. तसं टिकवायचं असेल, तर तयारी दात काढायच्या आधीच सुरू होते. इथे खालची पहिली दाढ धरून चालू. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि बऱ्याचदा सगळ्यात आधी तीच किडते.

१. दाढ काढण्याआधी हाडाबद्दल विचारा

दाढ निघाल्यावर वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. ‘आत्ता काढून टाका, पुढचं नंतर बघू’ हे म्हणूनच महागात पडतं. काढतानाच खड्ड्यात हाडाची पूड, म्हणजे बोन ग्राफ्ट, भरली तर झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. प्रत्येकाला ती लागतेच असं नाही. खड्ड्याच्या भिंती शाबूत असतील तर डॉक्टर नकोही म्हणतील. त्यांना कारण विचारा.

२. पूड कशाची, ते समजून घ्या

ती तुमच्याच हाडाची, मानवी दात्याची, जनावराच्या (बहुतेक वेळा गाईबैलाच्या) हाडाची किंवा कृत्रिम असते. श्रद्धेमुळे किंवा आहारामुळे यातलं काही चालणार नसेल, तर ते आधीच स्पष्ट सांगा. भूल दिल्यावर ही चर्चा होत नाही.

३. काही लपवू नका

मधुमेह असेल तर ताजा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) रिपोर्ट न्या. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून अलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ते सांगाच, कारण या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. सिगारेट, तंबाखू, मशेरी, सगळं सांगा. आजीची मशेरी ‘फक्त दात घासायला’ असली, तरी ती तंबाखूच आहे.

४. पहिला आठवडा जपा

दाढ काढून पूड भरल्यावर पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. टाके बघायला ओठ किंवा गाल ओढू नका. तोंडात वाळूसारखे दोन-चार कण आले तर घाबरायचं कारण नाही. मात्र पूड सतत बाहेर येत असेल, पू दिसला किंवा तीन दिवसांनंतर सूज उतरण्याऐवजी वाढली, तर लगेच फोन करा.

५. घाई करू नका

ग्राफ्टच्या जागी हाड भरून यायला साधारण तीन ते सहा महिने, आणि इम्प्लांट खालच्या जबड्यात हाडाशी घट्ट जुळायला पुन्हा दोन-तीन महिने लागतात. लग्नकार्य आलंय म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. या काळात स्क्रू हलला, तर भोवती हाडाऐवजी मऊ ऊती तयार होते आणि इम्प्लांट काढावं लागतं.

६. कॅप बसली की दोन गोष्टी मागून घ्या

कॅप म्हणजे स्क्रूवर बसवलेला वरचा दात. एक, त्या दिवशीचा एक्स-रे. पुढे हाड किती खाली गेलं, हे त्याच्याशी ताडूनच कळतं. दुसरी, कंपनी, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर. उद्या गाव बदललं, तर नव्या डॉक्टरांना नेमका भाग मागवता येतो.

रोज ब्रशबरोबर कॅपच्या दोन्ही बाजूंनी इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश, फिरवा. त्याची तार प्लॅस्टिकचं आवरण असलेली हवी. जागेच्या मानाने ब्रश बारीक असेल तर तो नुसता आरपार जातो, साफ करत नाही. योग्य माप डॉक्टरांकडून घ्या. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण, वापरा. इम्प्लांटभोवती खऱ्या दातासारखा लवचिक तंतूंचा थर नसतो, त्यामुळे जास्तीचा दाब थेट स्क्रूवर आणि हाडावर येतो.

७. रक्त आलं तर थांबू नका

दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या, आणि एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हा. इम्प्लांटजवळच्या हिरडीतून रक्त येणं ही बिघाडाची पहिली खूण. तेवढ्यावर नीट सफाई झाली तर हिरडी बहुधा पूर्ववत होते. गेलेलं हाड परत आणणं फार अवघड. कॅप हलतेय असं वाटलं तर त्या बाजूने चावणं बंद करा आणि त्याच आठवड्यात दाखवा. अनेकदा आतला बारीक स्क्रूच सैल झालेला असतो आणि तो घट्ट करता येतो. तसंच चावत राहिलात तर तो आतल्या आत तुटू शकतो, आणि तुटलेला तुकडा काढणं फार किचकट असतं.