एआयने गर्भाचे वजन काढताना या चुका टाळा

सोनोग्राफी यंत्रातील एआय डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी क्षणात मोजते आणि पडद्यावर ग्रॅममध्ये वजन उमटते. बहुतेक यंत्रांत ते संशोधक हॅडलॉक यांच्या 1985 सालच्या सूत्रांपैकी एखाद्याने काढलेले असते. म्हणजेच माप चुकले की वजनही चुकते, आणि नवशिके डॉक्टर नेमके मापच न पाहता आकडा अहवालात उतरवतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

सर्वांत महाग पडते ती पोटाच्या घेराची चूक. माझ्याकडे शिकणाऱ्या एका डॉक्टरने 34 आठवड्यांच्या गर्भाचे वजन सुमारे 1960 ग्रॅम लिहिले होते. बाळाची वाढ खुंटली आहे असे समजून ती माता रडत बाहेर बसली होती. मी साठवलेले चित्र उघडले, तेव्हा पोटाचा आडवा छेद (ज्या पातळीवर घेर मोजतात ते चित्र) योग्य होता, पण एआयने लंबवर्तुळाची रेघ त्वचेच्या बाहेरच्या कडेवर न ओढता चरबीच्या थराच्या आतून ओढली होती. सगळीकडून जेमतेम 5 मिलिमीटर सुटले होते, तरी घेर 300 ऐवजी 268 मिलिमीटर आला. रेघ दुरुस्त केल्यावर त्याच सूत्राने वजन सुमारे 2320 ग्रॅम निघाले. दहाव्या शतमकाखाली, म्हणजे त्याच वयाच्या शंभर गर्भांतील सर्वांत कमी वजनाच्या दहांत, गेलेले बाळ सरासरीच्या जवळ आले आणि एका कुटुंबाची ती दुपार विनाकारण भीतीत गेली, याचे मला अजून वाईट वाटते.

तेव्हापासून मी आधी आकड्यावर हात ठेवतो आणि चित्र पाहतो. जठर दिसते का, नाभीची शीर यकृतात योग्य जागी वळताना दिसते का, मूत्रपिंडे छेदात आली नाहीत ना, पोट गोल आहे की प्रोबच्या (पोटावर फिरवायच्या उपकरणाच्या) दाबाने चपटे झाले आहे, एवढे पाहून झाल्यावरच रेघेकडे वळतो. तीन वेगळी चित्रे घेऊन सरासरी काढतो. याला दोन मिनिटे अधिक लागतात. ज्यांना ती परवडत नाहीत, त्यांनी हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडीचे हाड तिरके दिसत असेल, तर ते आखूड मोजले जाते.

गर्भाचे वय पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून ठरवावे. शेवटच्या महिन्यांतील मापांवरून तारीख बदलली, की लहान बाळ कागदावर निरोगी दिसू लागते.

वजनाचे सूत्र आणि त्या वजनाचा शतमक दाखवणारा वाढीचा तक्ता यांची सरमिसळही करू नये. इंटरग्रोथ-21 या गर्भवाढीच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात नागपूरसह आठ ठिकाणी मापे घेतली गेली आणि त्यांचे वजनाचे सूत्र केवळ डोक्याच्या व पोटाच्या घेरावर आधारलेले आहे. हॅडलॉकच्या सूत्राने काढलेले वजन इंटरग्रोथच्या तक्त्यावर मांडून शतमक सांगणे चुकीचे आहे. कोणते सूत्र आणि कोणता तक्ता वापरला, हे मी प्रत्येक अहवालात लिहितो.

योग्य मापांनीही अंदाज 10 ते 15 टक्क्यांनी हुकू शकतो, हे मातेला आधीच सांगावे. म्हणूनच वाढ तपासायला आठवड्याभरातच पुन्हा वजन काढू नये; साधारण 3 आठवड्यांचे अंतर ठेवावे. त्याआधी काळजी वाटत असेल, तर डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) आणि गर्भजलाची तपासणी करावी.