पायलिंट टाकलं खरं, पण कुठल्या पायथनमध्ये? (सोलापुरातल्या नवीन पोरांसाठी)

पायथन थोडंफार येतं, टर्मिनल उघडता येतं, पिप काय असतं ते माहितीय असं धरून चालतो. आपल्याकडं लॅबमध्ये कोड रन झाला की सबमिशन झालं, कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं टूल, म्हणजे लिंटर, कुणी दाखवत नाही, आणि मग हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला इंटरव्ह्यूला गेलं की लिंटर वापरता का असं विचारतात. पायलिंट हे पायथनसाठीचं असंच एक लिंटर, म्हणून आत्ताच शिका.

पिप इन्स्टॉल पायलिंट मारलं की सक्सेसफुली इन्स्टॉल्ड येतं. खरा घोळ त्याच्यापुढं आहे. माझा प्रोजेक्ट मस्त रन व्हायचा, पण पायलिंट लावलं की ई०४०१, अनेबल टू इंपोर्ट पांडाज, म्हणजे पांडाज ही लायब्ररी सापडत नाही. पांडाज काढून परत टाकलं तरी तेच. फार वैताग आला होता तेव्हा, रात्र रात्र जायची, आणि विचारायला जवळ कोणी नाही.

कारण सांगतो, नीट वाचा. एका लॅपटॉपवर दोन-तीन पायथन सहज असतात, एक वेबसाइटवरून घेतलेलं, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं, एक अ‍ॅनाकोंडासोबत आलेलं. पिप ज्या पायथनचं, पॅकेज त्याच्यातच जातं. आणि पायलिंट ज्या पायथनमध्ये बसलंय तिथल्याच लायब्रऱ्या त्याला दिसतात, शेजारच्या पायथनमधलं पांडाज त्याच्यासाठी नसल्यात जमा. पायलिंट डॅश डॅश व्हर्जन मारून बघा, तीन ओळी येतात, पहिली पायलिंटची, दुसरी अ‍ॅस्ट्रॉइडची (पायलिंटला कोड वाचून देणारी लायब्ररी), तिसरी पायथनची. सगळे पहिली ओळ वाचून विंडो बंद करतात, उत्तर तिसरीत असतं. तुमचा प्रोग्राम ३.१२ वर चालतोय आणि तिथं ३.९ दिसलं तर घोळ तिथंच आहे. आकडा एकच दिसला तरी फोल्डर वेगळं असू शकतं, ते विंडोजवर व्हेअर आणि लिनक्सवर व्हिच कमांडनं कळतं.

उपाय म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पायथन डॅश एम वेनव्ह करून वेगळं एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टपुरतं स्वतंत्र पायथन, यालाच वेनव्ह म्हणतात) बनवायचं, ते अ‍ॅक्टिव्हेट करायचं, आणि नुसतं पिप न लिहिता पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल पायलिंट लिहायचं. चालवताना पण पायथन डॅश एम पायलिंट. चार अक्षरं जास्त टाइप होतात, पण कुठलं पायथन हा प्रश्नच मिटतो. लॅबच्या मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड नसला तरी हे चालतं.

उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप चालवलं की एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट (हे पायथन सिस्टिम सांभाळते) म्हणून अडवतं. तिथं एखादे सीनियर दादा लगेच सांगतात, डॅश डॅश ब्रेक सिस्टिम पॅकेजेस लावून ती अडवणूक बंद कर नाहीतर सुडो मारून अ‍ॅडमिन म्हणून चालव. अजिबात ऐकू नका! त्या पायथनवर सिस्टिमची स्वतःची टूल्स चालतात. माझं स्पष्ट मत आहे, जो एररचा मेसेज पूर्ण न वाचता कमांड देतो त्याच्याकडून काही शिकू नये, मग तो कितीही मोठ्या पगाराचा असो.

वेनव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर घालून घरी नेऊ नका, आतले पत्ते जुन्याच मशीनचे राहतात. रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) न्या आणि घरी नवीन बनवा. त्या फाइलीत पायलिंटचं व्हर्जन दोन बरोबरच्या चिन्हांनी पक्कं करा, नाहीतर अपडेट आलं की काल स्वच्छ असलेल्या कोडवर आज नवीन वॉर्निंग दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो.

पहिल्यांदा चालवल्यावर दहापैकी दोन-तीन मार्क पडतील, पडू द्या. त्यात निम्म्या तक्रारी डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं ते सांगणारी ओळ) नाही, नाव नीट नाही अशाच असतात. सुरुवातीला डॅश कॅपिटल ई लावा, फक्त खऱ्या एरर दिसतील, बाकीचं हळूहळू. आणि काढायची वेळ आली तर पिप अनइन्स्टॉल पायलिंटनं फक्त पायलिंट जातं, अ‍ॅस्ट्रॉइड, आयसॉर्ट वगैरे त्याच्यासोबत आलेली पॅकेजेस मागं राहतात, त्यापेक्षा वेनव्हचं फोल्डरच डिलीट करून नवीन बनवा.