वाया गेलेलं दानही मोजा : स्टॅटिस्टिकल फिजिक्स नव्यानं शिकवणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षी मी बोल्ट्झमन वितरण, म्हणजे असंख्य रेणूंमध्ये ऊर्जा कशी वाटली जाते ते सांगणारं सूत्र, तीन तासांत फळ्यावर संपवलं. लाग्रांजचे गुणक, स्टर्लिंगचं सूत्र, सगळं बिनचूक. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण ऊर्जा अशीच वाटून घ्या, हे रेणूंना सांगतं कोण?" मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न अजून टोचतो, म्हणून हे लिहितेय.

पुढच्या वर्षी मी फासे आणले. 6 × 6 चा पट, 36 घरं, प्रत्येक घरात एक सोंगटी. घर म्हणजे दोलक (ऊर्जा साठवणारा, कंप पावणारा कण), सोंगटी म्हणजे ऊर्जेचा एक क्वांटम, न तुटणारा एक वाटा. लाल फाशानं ओळ ठरते, निळ्यानं रकाना. पहिल्या दानानं देणारं घर ठरवायचं, दुसऱ्या दानानं घेणारं. देणारं घर रिकामं निघालं तर काहीच हलवायचं नाही, पण ती खेळी झाली असं धरायचं. काही शे खेळ्यांनंतर किती घरांत शून्य, किती घरांत एक, किती घरांत दोन सोंगट्या आहेत, ते मोजायचं.

सुरू करण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, तोही पेनानं. बहुतेक जण लिहितात, 'सगळीकडे साधारण एकेक राहील.' प्रत्यक्षात सरासरी 18 घरं रिकामी, 9 घरांत एक, चार-पाच घरांत दोन, अशी प्रत्येक पायरीला निम्मी होत जातात. एकाच पटावर आकडे बरेच वरखाली होतात, त्यानं घाबरू नका. आठ-दहा गटांची बेरीज केली की उतार स्पष्ट दिसतो.

आता माझी चूक. हाच खेळ मी संगणकावर लिहिला. 36 सोंगट्यांची यादी केली. यादीतली कुठलीही एक सोंगटी उचलायची आणि कुठल्याही घरात टाकायची. प्रोग्राम छोटा, वेगवान. शून्य, एक आणि दोन सोंगट्यांच्या घरांचे आकडे पडद्यावर आले 13, 13, 7. मुलांच्या पटांवर 18, 9, 4. आणि मी वर्गाला सांगितलं की संगणकानं लाखो खेळ्या केल्यात, तुमच्या खेळ्या कमी पडल्या. मुलांनी आपले बरोबर आकडे खोडले. ते मला आजही सहन होत नाही.

घोळ कुठे होता ते दोन घरं आणि दोन सोंगट्या घेऊन पाहा. मांडण्या तीनच: दोन्ही डावीकडे, दोन्ही उजवीकडे, किंवा एकेक. आधी घर निवडलंत तर तिन्ही मांडण्या सारख्याच वेळा येतात. आधी सोंगटी निवडलीत तर नकळत प्रत्येक सोंगटीला नाव मिळतं. मग 'एकेक' दोन प्रकारे होऊ शकतं आणि निम्म्या वेळा तेच दिसतं. ऊर्जेच्या क्वांटमला नाव नसतं. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांनी 1924 मध्ये प्रकाशाचे क्वांटम मोजले तेही असंच, ओळख न देता. माझा प्रोग्राम भलत्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होता: डब्यातल्या वायूचे मनानं 36 भाग केले, तर किती भागांत किती रेणू सापडतील याचं.

याच घोळाची दुसरी बाजू आहे. मुलं उतावीळ असतात. घर रिकामं निघालं की दान वाया गेलं म्हणून पुन्हा फासे टाकतात. तसं करू देऊ नका. दोन घरांवर तसं खेळून बघा, 'एकेक' पुन्हा निम्म्या वेळा येईल. 36 घरांवर ही चूक इतकी बारीक होते की दिसतच नाही, म्हणून तर ती धोक्याची. संगणकावर एकेक बदल सुचवत, तो स्वीकारत किंवा नाकारत सरासरी काढायच्या 1953 च्या मेट्रोपोलिस पद्धतीतही हाच नियम आहे: बदल नाकारला गेला तर जुनी स्थिती पुन्हा एकदा मोजायची. कितीतरी विद्यार्थी ती ओळ विसरतात, प्रोग्राम विनातक्रार चालतो आणि सरासरी चुकीची निघते.

म्हणून सरकपट्ट्या फिरवायची आयती सिम्युलेशन्स मी पहिल्या महिन्यात वर्गात आणत नाही. आत कुठला नियम चालतोय ते मुलांना दिसत नाही, आणि शिक्षकाला तरी कुठे दिसतं! 'आधी गणित पक्कं होऊ दे, मग खेळ' असा सल्ला देणारे ज्येष्ठ भेटतील. मीही तो मानला होता. माझं गणित पक्कंच होतं, तरी वरची चूक झाली.

वर्गात करायच्या दुसऱ्या प्रयोगाबद्दल, म्हणजे ब्राउनियन गतीबद्दल (रेणूंच्या धक्क्यांनी पाण्यातले बारीक कण सतत इकडेतिकडे हलतात ती), थोडक्यात. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचे पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे मणी पाण्यात घेतले तर एका सेकंदात साधारण सव्वा मायक्रॉन सरकतात. स्लाइडची कड नीट बंद केली नाही तर पाणी उडतं आणि सगळे मणी एका दिशेला वाहू लागतात. तेव्हा विस्थापनाच्या (मूळ जागेपासूनच्या अंतराच्या) वर्गाची सरासरी वेळेच्या नव्हे, वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढायला लागते. आलेख वर वळताना दिसला तर ती स्लाइड बाजूला ठेवून नवी बनवा. पहिल्या दोन-तीन स्लाइड सगळ्यांच्याच जातात.

त्या मुलीला पुढे मी पट दाखवला. दोनेकशे दानं तिनं स्वतः टाकली, रिकामी घरं मोजली आणि म्हणाली, "म्हणजे कोणीच सांगत नाही. असं वाटप व्हायच्या वाटाच जास्त आहेत."