गेलेल्या मित्राच्या आठवणी कशा जपाव्यात

आधी आवाज वाचवा. फोटो बहुधा चार जणांकडे असतात. व्हॉइस मेसेज मात्र फक्त तुमच्याच फोनमध्ये असतो आणि फोन बदलताना तोच आधी उडतो. व्हॉट्सॲपवर त्याचं चॅट उघडून मीडियासह ‘एक्स्पोर्ट चॅट’ करा. चॅट मोठं असेल तर जुने मेसेज त्यात येत नाहीत, म्हणून जिवाभावाचे व्हॉइस मेसेज एकेक करून वेगळे शेअर करा. दोन प्रती ठेवा, त्यातली एक फोनबाहेर. फाइलचं नाव ओळखू येईल असं द्या: ‘२०१९ मार्च, परीक्षेची आदली रात्र’.

मग इतरांकडून आठवणी मागवा. ‘काहीतरी लिहून दे’ म्हटलं की ‘फार चांगला माणूस होता’ एवढंच हाती येतं. नेमकं विचारा: फोन उचलल्यावर तो पहिला शब्द काय बोलायचा? कशावरून चिडायचा? भांडणं, हट्ट, उधार राहिलेले पैसे, सगळं येऊ द्या. नुसत्या गुणांच्या यादीत तो सापडत नाही. लिहिणं जड जात असेल त्याला दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करू द्या. महिन्याची मुदत द्या, एकदाच आठवण करून द्या. कोणी गप्प राहिलं तर मागे लागू नका, त्याला अजून झेपत नसेल.

छापील फोटोंमागे नावं मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने लिहा. पेनची शाई पुढे उमटते. चिकट पानांचे अल्बम टाळा, गोंदाने फोटो पिवळे पडतात आणि सोडवताना फाटतात. खासगी गोष्टी कुठेही टाकण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारा.